विद्यार्थिनी क्रमांक सतरा

सोलापूर, ८ ऑगस्ट

अक्का,

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस. फोन उचलत नाहीस. आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. पोस्टात ब्लॉक करायची सोय नाही. म्हणून पत्र.

आधी कामाचं. तुझा वर्ग मी लाल केलेला नाही. तो लाल आला.

पुन्हा एकदा समजावते, कारण मीटिंगमध्ये तू मधूनच उठून गेलीस. संस्थेच्या अठ्ठावीस शाळांतली आठवीची मुलं घरी ॲपवर अभ्यास करतात. कोण किती वेळ बसतं, कुठे थांबतं, काय चुकतं, याची नोंद आपोआप होते. त्या नोंदी माझ्याकडे येतात. त्यांवरून कुठलं मूल मागे पडणार हे आधीच ओळखायचं, एवढाच माझा प्रबंध. हिरवं म्हणजे ठीक. पिवळं म्हणजे लक्ष द्या. लाल म्हणजे गेलं. तुझ्या वर्गात बत्तीस मुलं आहेत, त्यांतली एकतीस लाल. जूनमध्ये पालकसभेच्या दिवशी एकदा लॉगिन केलं, त्यानंतर काहीही नाही. तू माझी बहीण आहेस हे मॉडेलला माहीत नाही. मी ती माहिती भरलेली नाही.

संस्थेचे सचिव भीमाशंकर मालक यांनाही भरून दिलेली नाही. त्यांनी लाल पान पाहून विचारलं, "ही कुठली शाळा?" मी शाळेचं नाव सांगितलं. शिक्षिकेचं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

दिवाळीनंतर तुझी आठवी टेंभुर्णीच्या शाळेत मिसळायची आणि तुला बार्शीला वाचनालयात पाठवायचं, हा निर्णय त्यांचा आहे. माझ्या अहवालात फक्त आकडे होते. वाचनालय चांगलं आहे म्हणे. पंखा आहे.

आईला मी तो आलेख दाखवला. ती म्हणाली, रंग छान आहेत.

प्रबंध डिसेंबरात द्यायचा आहे. हे सहावं वर्ष. या वर्षांत लोक मला आधी "पीएचडी करते" म्हणायचे. आता "अजून पीएचडी करते" म्हणतात.

वैजयंती

सोलापूर, २२ ऑगस्ट

अक्का,

उत्तर आलं नाही. तरी चांगली बातमी सांगते.

तुझ्या वर्गातला बत्तिसावा विद्यार्थी. विद्यार्थिनी क्रमांक सतरा. तिच्याकडे माझं लक्ष नव्हतं, कारण लाल मोजताना हिरवं दिसत नाही. ती नुसती हिरवी नाही. अठ्ठावीस शाळांत तिच्यासारखी दुसरी नाही. मी गंगाधर सरांना आलेख दाखवला तेव्हा ते नेहमीप्रमाणे दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रबंधावर सह्या करत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली. माझे मार्गदर्शक माझ्या कामासाठी खुर्चीसकट हलले, असं प्रथमच घडलं.

रोज संध्याकाळी पाचला ती लॉगिन करते आणि दिवे लागेपर्यंत बसते. प्रत्येक धड्यानंतर सहा-सात मिनिटं थांबते. काही दाबत नाही. मग उत्तर देते आणि ते बहुतेक बरोबर असतं. या थांबण्याला मी "चिंतन-विराम" असं नाव दिलं आहे. सर म्हणाले, "छापून येईपर्यंत कुणाला सांगू नकोस." तुला सांगायला हरकत नाही. तू कुणाला सांगणार? मला तर नाहीच.

तिच्या चुकाही अभ्यास करण्याजोग्या आहेत. केळ ही कोणत्या प्रकारची वनस्पती, असा एक प्रश्न आहे. पुस्तकाप्रमाणे ते झाड नव्हे. त्याचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी असते. क्रमांक सतरा उत्तर देते: झाड. ॲप चूक दाखवतं. ती पुन्हा झाड म्हणते. महिनाभर झाडच म्हणते आहे. मी याला "निग्रही चूक" म्हटलं आहे. त्यावर अर्धं प्रकरण झालं.

पाचव्या प्रकरणाचं नावही ठरलं: "शिक्षकाच्या प्रभावाशिवाय घडलेली स्वयंअध्ययनी विद्यार्थिनी". यात तुझ्यावर टीका नाही. "प्रभावाशिवाय" हा तटस्थ शब्द आहे.

मालकांना कळल्यावर त्यांनी मुलीचं नाव मागितलं. संशोधनाच्या नियमाप्रमाणे नाव सांगता येत नाही. मी सांगितलं. ओवी. ते म्हणाले, "एवढ्या खराब वर्गात एवढं हुशार पोर! चिखलात कमळ!" त्यांना अलंकार आवडतात, मनावर घेऊ नकोस. पाच सप्टेंबरला तुझ्याच शाळेत तिचा सत्कार आहे. शिक्षक दिनाला विद्यार्थिनीचा सत्कार का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मंडप त्याच दिवशी आहे.

वैजयंती

सोलापूर, ४ सप्टेंबर

अक्का,

उद्या मालकांच्या गाडीतून सर आणि मी येतो आहोत. हे पत्र तुला परवा मिळेल, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही.

ओवी बोलकी आहे का? मला तिला चिंतन-विरामाबद्दल विचारायचं आहे. त्या सहा मिनिटांत तिच्या मनात नेमकं काय चालतं, हे तिच्याच तोंडून हवं आहे.

आईने तुझ्यासाठी कडक भाकरी बांधून दिल्या आहेत. ती म्हणाली, हातात दे. मी म्हणाले, बघू.

वै.

सोलापूर, ६ सप्टेंबर

अक्का,

तू मागे पाण्याच्या टाकीपाशी उभी होतीस. तिथून काय दिसलं ते तुला माहीत आहे. व्यासपीठावरून काय दिसलं ते लिहिते.

मालकांच्या पुढ्यात तबक होतं. त्यात एक शाल, एक नारळ आणि एक गुलाब. त्यांनी माइक हातात घेतला. "आता मी बोलावतो, आपल्या संस्थेची शान, कुमारी ओवी!"

आणि बत्तीस मुलं उठली.

मला वाटलं, मान द्यायला उठली. मग ती चालू लागली. चांगली रांग करून. पुढची मुलं व्यासपीठावर चढली. जोडलेली बाकं करकरली. सर आपली खुर्ची घेऊन मागे सरकले.

मालकांनी माइकवर हात ठेवला. "गुरुजी, ही सगळी कुठं निघाली?"

"शाल घ्यायला," मुख्याध्यापक म्हणाले.

"शाल एकच हाय."

मग त्यांनी मुलांना विचारलं, "ओवी कोन तुमच्यात?"

"मी," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

"मग ही कोन?"

"ही बी ओवीच की. ॲपमधी आमी सगळीच ओवी."

माइकवरचा हात कधी निघाला होता कुणास ठाऊक. हे सगळं मंडपभर ऐकू गेलं.

"आवं, ॲप उघडायचं तर ओटीपी लागतोय," ओवी म्हणाली. ती मालकांना जरा मंद समजत असावी, सावकाश बोलत होती. "बाकीच्यांचं मोबाईल बापासंगं जात्यात. कुणाचा उसात, कुणाचा मासं धरायला होडीत. ओटीपी तितं येऊन काय उपेग? आमचा मोबाईल आजीपाशी घरीच असतोय. मग आमच्या नावावर उघडायचं आन् सगळ्यांनी आमच्या गच्चीवर बसायचं. रेंज बी तितंच हाय."

"आन् उत्तर कोन देतं?"

"हात वर करून. ज्यास्त हात जिकडं, ते दाबायचं."

मालक गेली तीस वर्षं कुठली ना कुठली निवडणूक लढवत आहेत. त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे बहुमत! आन् समसमान झालं तर?"

"आजी सांगत्या."

सर माझ्या कानाशी आले. "ती सहा-सात मिनिटं?"

"मतदान," मी म्हणाले.

केळीचाही उलगडा तिथेच झाला. दुसऱ्या रांगेतून ओवीची आजी, बजाबाई, उभ्या राहिल्या. "म्या इचारते, मोबाईल केळीला झाड का म्हनंना? उभी हयात केळीत गेली माजी. झाड न्हाय, मग काय काँग्रेस गवत हाय व्हय?" मंडपाने टाळ्या वाजवल्या. ओवीचं नाव पुकारलं तेव्हा वाजल्या नव्हत्या तेवढ्या.

शाल शेवटी चौघींच्या खांद्यांवरून गेली. नारळ फोडून वाटला. मला आणि सरांना मिळून एक तुकडा आला.

तू हसली नाहीस. मी पाहत होते. मालक माझ्याकडे वळून "मॅडम, हे तुमच्या यंत्रात का न्हाय आलं?" असं म्हणाले, तेव्हाही नाही. तू चहाचं बघायला आत निघून गेलीस. भाकरी मुख्याध्यापकांकडे दिल्या.

तुला हे सगळं ठाऊक होतं. तू सांगायला हवं होतंस. मी विचारलं नाही असं तू म्हणशील. संशोधकाने शिक्षकाला विचारलं की माहिती दूषित होते. हे पुस्तकात आहे.

वैजयंती

सोलापूर, १४ सप्टेंबर

अक्का,

मालकांना फोन केला. मला वाटलं होतं, बदलीचा विषय आता संपला. ते म्हणाले, "बहुमत बिहुमत ठीक हाय मॅडम. पर कागदावर एकतीस लाल हायत. कार्यकारिणीपुढं कागद जातोय, गच्ची जात न्हाय. तुमी कागद बदला, मग बघू."

म्हणजे आता ते माझ्याकडे आलं.

सरांकडे गेले. ते म्हणाले, "क्रमांक सतरा काढून टाक."

"काढून?"

"अपवाद आहे ना? अपवाद काढतात. मग उरले एकतीस लाल. तुझं मॉडेल बरोबर. डिसेंबरात प्रबंध दे आणि मोकळी हो."

"आणि खरं काय ते?"

"ते 'संशोधनाच्या मर्यादा' या प्रकरणात लिहायचं. दोन ओळी. ते कुणी वाचत नाही."

सर वाईट नाहीत. त्यांच्याकडे अकरा विद्यार्थी आहेत आणि अकराही जणांच्या मर्यादा त्यांनाच सांभाळाव्या लागतात.

खरं लिहिलं तर पाचवं प्रकरण जातं. चौथंही जातं, कारण मग बाकीच्या सत्तावीस शाळांत कुठल्या क्रमांकामागे कोण बसलं आहे, हे तरी कुणी सांगावं? एखाद्या हिरव्या मुलाचा मामा असेल. वर्षाची मुदतवाढ मागावी लागेल. शिष्यवृत्ती डिसेंबरात संपते. त्यानंतर तासिका तत्त्वावर कुठल्यातरी कॉलेजात, आज तास आहे का असं सकाळी फोन करून विचारत जगायचं.

काल सतरा क्रमांकाची ओळ निवडली. डिलीटवर बोट ठेवलं. आईने चहाला हाक मारली. चहा घेतला. परत आले तर स्क्रीन बंद झाली होती. अजून चालू केलेली नाही.

मी काय करावं असं तुला विचारत नाही. विचारलं तर माहिती दूषित होते.

वै.

सोलापूर, २१ सप्टेंबर, रविवार

अक्का,

आज गच्चीवर झालेलं बोलणं लिहून ठेवते. उद्या आपण एकमेकींशी बोललो असं कुणी म्हणायला नको.

मी बजाबाईंना भेटायला आले होते. तू तिथे रोज संध्याकाळी असतेस, हे मला माहीत नव्हतं. ॲपमध्ये त्याची नोंद होत नाही. मी जिना चढून वर आले. तू मला पाहिलंस आणि बजाबाईंकडे वळलीस.

"पाहुण्यांना विचारा, चहा घेणार का."

"चा घेनार का इचारत्यात," बजाबाई मला म्हणाल्या.

"घेईन म्हणावं."

"घेनार म्हनत्या."

"साखर अजून कमीच का, विचारा."

"आगं, दोघी बी हितंच हायसा की! म्या काय टपालखातं हाय व्हय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण थांबल्या नाहीत. त्यांना मजा येत होती. मुलांनाही. कुणी मोबाईलकडे बघत नव्हतं. नोंदीत आज फार मोठा चिंतन-विराम दिसेल.

मग तू म्हणालीस, "विचारा, माझ्या बदलीचं काय झालं."

मी म्हणाले, "सांगा, अहवाल मागे घेतला तर बदली टळेल. पण मग माझं एक वर्ष वाढेल. कदाचित दोन."

बजाबाईंनी विचार केला. "ह्यांची बदली टळंल, पर हिचं साल वाढंल."

"वाढू दे म्हणावं. सहा झाली, सातवं काय जड आहे?"

"सातवं काय जड..."

"ऐकलं," मी म्हणाले.

"ऐकलं म्हनत्या."

"ऐकून काय उपयोग? विचारा, करणार काय?"

बजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तू पाण्याकडे पाहत होतीस. धरण भरलं आहे, केळीच्या बागेपर्यंत पाणी आलं आहे, त्यामुळे पाहायला पुष्कळ होतं. 

तेवढ्यात ओवीने विचारलं, "बाई, ह्याच्यावर बी हात वर करायचं का?"

तू हो म्हणाली नाहीस. नाही पण म्हणाली नाहीस. ती म्हणाली, "मॅडमनी कागद मागं घ्यावा, ज्यांना वाटतंय त्यांनी." सगळे हात वर गेले. बजाबाईंचे दोन्ही गेले. एक मत बाद धरा असं मी सांगणार होते.

माझाही हात वर गेला असं मुलं म्हणतात. मी चष्मा नीट करत होते.

परतीची एसटी टेंभुर्णीला बदलली. चहात साखर नव्हतीच.

वैजू

सोलापूर, ३ ऑक्टोबर

अक्का,

अहवाल मागे घेतला. कार्यकारिणीला लेखी कळवलं की, त्या शाळेतली एकतीस मुलं अभ्यास करत नाहीत, हे माझं विधान चुकीचं आहे. ती करतात, फक्त मला दिसत नाहीत. तिथली शिक्षिका माझी सख्खी बहीण आहे, हेही या वेळी कळवलं. मालक म्हणाले, "आम्हाला पयल्यापासून म्हाईत हाय. नाक सारखं हाय की."

सरांनी पत्राची प्रत वाचली. म्हणाले, "दोन ओळींत भागत होतं. तू मर्यादांचाच प्रबंध केलास." मग मुदतवाढीच्या अर्जावर सही दिली. या वेळी खुर्ची हलली नाही. पण त्यांनी मलाही बसायला सांगितलं.

तुझी बदली रद्द झाल्याचं पत्र तुला मिळालं असेल. त्यासोबत दुसरं परिपत्रक आहे, ते नीट वाच. मालकांना तुमच्या गच्चीने झपाटलं आहे. यापुढे संस्थेच्या प्रत्येक शाळेत आठवीच्या वर्गाला एकच लॉगिन. सर्व मुलांनी सायंकाळी एकत्र बसून बहुमताने उत्तर द्यायचं. योजनेचं नाव "बहुमताधिष्ठित अध्ययन". मार्गदर्शक म्हणून तुझं नाव. मला विचारलं असतं तर मी अडवलं असतं.

बार्शीच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात दोन गट पडले. अपूर्णांकांच्या भागाकारावर फेरमतदान झालं. एका पालकाने हरकत घेतली.

माझ्यापुरतं सांगायचं तर, अठ्ठावीस शाळांचे आता माझ्याकडे अठ्ठावीस विद्यार्थी आहेत. सगळे हिरवे. त्या नऊशे मुलांपैकी कुणाला काय येतं, हे माझ्या खोलीत बसून कळण्याचा मार्ग बंद झाला. सरांनी विचारलं, "आता काय करशील?" मी म्हणाले, "जाऊन बघेन." सर म्हणाले, "हे फार जुनं आहे. संदर्भ सापडायला अवघड जाईल."

तर मला तुझ्या वर्गात बसायचं आहे. वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस. बजाबाईंना फोन करून तुला विचारायला सांगितलं होतं. तू बाजूलाच होतीस, मला आवाज आला. त्यांनी निरोप दिला, "बाई म्हनत्यात, असं फोनवर न्हाय. रीतसर अर्ज करा."

सोबत जोडते.

वैजू

दि. ३ ऑक्टोबर

प्रति,
मा. वर्गशिक्षिका, इयत्ता आठवी

विषय: वर्गात बसू देण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंती की, मी आपल्या वर्गाचा जूनपासून सखोल अभ्यास केला असून वर्ग अद्याप पाहिलेला नाही. तरी मला सोमवार ते बुधवार मागील बाकावर बसण्याची परवानगी मिळावी. मी मध्ये बोलणार नाही. विचारल्याशिवाय काही मोजणार नाही. शंका आल्यास विचारीन. ही पद्धत मला नवीन असल्याने सुरुवातीला चुका होतील, त्या सांभाळून घ्याव्यात.

आपली आज्ञाधारक,
वैजयंती

सोलापूर, ११ ऑक्टोबर

अक्का,

अर्ज आज परत मिळाला. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं आहेस: "पालकाची सही नाही. अर्ज अपूर्ण."

चौतिसाव्या वर्षी. मी वैतागून तो आईपुढे धरला. म्हटलं, कर सही, तुझ्या थोरल्या लेकीचे नियम. आईने चष्मा लावला, कागद खालीवर केला आणि पेन परत माझ्या हातात दिलं.

"अगं, हितं तर झालीया सही."

मी पेन्सिलचं तेवढं वाचून तिथेच थांबले होते. खाली, कागदाच्या तळाशी, शाईने तुझी सही आहे. पालक: हेमावती. विद्यार्थिनीशी नाते: थोरली बहीण.

आईने ते दोनदा वाचलं. कागदाची घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "बोलली की."

सोमवारी पहिल्या एसटीने निघते.

वैजू